आवाजाने कीटकांचं प्रजनन बदलतं का? आधी आवाज पोहोचतो का ते तपासा

प्रश्न असा आहे: ड्रोसोफिलाच्या, म्हणजे पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीच्या, तीन बाटल्या घ्यायच्या. एकीशेजारी दिवसभर संथ वाद्यसंगीत, दुसरीशेजारी कर्कश रॉक, तिसरी शांत कपाटात. दोन आठवड्यांनी प्रत्येक बाटलीतल्या माशा मोजायच्या आणि आवाजामुळे प्रजनन वाढलं की घटलं ते ठरवायचं. हा प्रयोग बरोबर आहे का, आणि नसेल तर काय बदलावं?

थेट सांगते. या प्रयोगातून आकडे मिळतील, पण प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. एकाच दिवशी, एकाच खाद्यावर, एकाच कपाटात ठेवलेल्या तीन बाटल्यांतही माशांची संख्या सारखी येत नाही, आणि एकेका बाटलीवरून तो फरक आवाजाचा की नेहमीचाच चढउतार हे कुणालाच सांगता येत नाही. पण माझी मुख्य हरकत याच्याही आधीची आहे. त्या बाटलीतल्या माशांना ते संगीत ऐकू येत होतं, हे आपण कशावरून धरून चाललो? कीटकांच्या ध्वनिवर्तनावर काम करताना माझा सर्वांत जास्त वेळ अंडी मोजण्यात जात नाही. आवाज त्या जिवाच्या कानापर्यंत गेला का, आणि आवाजाच्या जोडीने दुसरं काही गेलं नाही ना, हे पाहण्यात जातो. ते जमलं की बाकीचा प्रयोग सोपा आहे.

ड्रोसोफिलाला आपल्यासारखा पडद्याचा कान नाही. तिचा कान मिशीत असतो. मिशीच्या तिसऱ्या भागातून एक फाटे फुटलेला केस बाहेर येतो, त्याला अरिस्टा म्हणतात. हवा हलली की अरिस्टा हलतो, त्याच्याबरोबर तो तिसरा भाग स्वतःच्या अक्षाभोवती किंचित वळतो, आणि दुसऱ्या भागातलं जॉन्स्टनचं इंद्रिय ही हालचाल टिपतं. (1855 मध्ये ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी ते डासांच्या मिशीत वर्णन केलं, म्हणून ते नाव.) थोडक्यात, ही माशी हवेचा दाब ऐकत नाही, हवेच्या कणांची पुढेमागे होणारी हालचाल ऐकते. आपला कान आणि आपले मायक्रोफोन दाब ऐकतात. बरेचसे प्रयोग याच फरकापाशी फसतात.

आता ती बाटली डोळ्यांसमोर आणा. तळाशी खाद्याचा थर, वर कापसाचा बोळा, मध्ये जेमतेम दहा सेंटिमीटर हवा. 200 हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी साधारण 1.7 मीटर असते. त्या मानाने बाटली फारच लहान. एवढ्या छोट्या बंद पोकळीत दाब सगळीकडे जवळपास एकसारखा चढतो-उतरतो, पण हवेला पुढेमागे सरकायला वावच नसतो. त्यातून माशा बसतात त्या तळाशी, खाद्यावर. तिथे हवा घट्ट पृष्ठभागाला टेकलेली असते, त्यामुळे तिची हालचाल शून्याच्या जवळ जाते. बाटलीत बारीक मायक्रोफोन सोडला तर तो ऐटीत 90 डेसिबल दाखवेल. माशीला मात्र त्यातलं जवळपास काहीच जाणवत नसेल. मग दोन आठवड्यांनी ‘आवाजाचा परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि प्रत्यक्षात माशीपर्यंत आवाज गेलेलाच नसतो.

उपाय अवघड नाही. मीलनाच्या प्रयोगासाठी दोन्ही तोंडं उघडी असलेली आखूड नळी किंवा चपटा कप्पा घ्या आणि दोन्ही बाजूंना पातळ नायलॉनची जाळी ताणून बसवा. नळीचा अक्ष स्पीकरच्या दिशेने ठेवा, म्हणजे हवा नळीतून आरपार हलू शकते. मोकळ्या हवेत, स्पीकरपासून पुरेशा अंतरावर, 94 डेसिबल म्हणजे 1 पास्कल दाब आणि त्याबरोबर कणांचा वेग सेकंदाला सुमारे 2.4 मिलिमीटर. हा हिशेब भिंतीजवळ, कोपऱ्यात किंवा स्पीकरला अगदी खेटून लागू पडत नाही. तिथे वेग आणि दाब यांचं नातं बदलतं. म्हणून खोलीच्या मधोमध, भिंतींपासून दूर मांडणी करा आणि नळी नेमकी जिथे ठेवणार तिथेच मोजा. वेग थेट मोजायचा असेल तर दोन बाजूंच्या दाबातला फरक टिपणारे छोटे मायक्रोफोन मिळतात. ते आधी ओळखीच्या आवाजावर कॅलिब्रेट करून घ्यावे लागतात.

स्पीकर म्हणून मोबाइल चालणार नाही. माशीच्या गाण्याचा बराचसा भाग 150 ते 300 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे मोबाइलचा इवलासा स्पीकर जवळजवळ गप्पच असतो. तळहाताएवढा तरी वूफर हवा. त्यातून नेमकं काय बाहेर पडतं ते रेकॉर्ड करून मूळ फाइलशी ताडून पाहा. स्पीकर स्वतःची गुणगुण त्यात मिसळत असेल तर ती लगेच दिसते.

दुसरा चोर म्हणजे कंपन. स्पीकर आणि नळी एकाच टेबलावर असतील तर आवाज हवेतून जाण्याआधीच टेबलातून, स्टँडमधून, नळीच्या काचेतून माशीच्या पायांपर्यंत पोहोचतो. कीटकांचे पाय कंपनाला फार संवेदनशील असतात. तपासायची एक स्वस्त रीत आहे. बझरमध्ये असते तशी पिझो चकती नळीच्या बाहेरून चिकटवा, तिची तार रेकॉर्डरला जोडा, आणि प्रयोगातलाच आवाज वाजवा. मग स्पीकर टेबलावरून उचलून वेगळ्या स्टँडवर किंवा दोरीने टांगून ठेवा, नळीखाली जाड फोम घाला, आणि पुन्हा तोच आवाज वाजवा. दोन्ही रेकॉर्डिंगमधला फरक पाहिला की त्या नळीत नेमकं काय चाललं होतं ते कळतं. कंपन पूर्ण जात नाही, पण ते किती उरलंय हे माहीत असलं की पुढे निष्कर्ष काढताना सावध राहता येतं.

तिसरी गोष्ट उष्णता. ॲम्प्लिफायर तापतो, स्पीकरची कॉइल तापते. एखाद-दोन अंशांच्या फरकानेही ड्रोसोफिलाची अंडी घालण्याची गती आणि वाढीचा वेग बदलतो. 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, 18 अंशांना जवळपास दुप्पट. तेव्हा प्रत्येक नळीशेजारी तापमान नोंदणारा लॉगर हवा, आणि ‘शांत’ गटालाही तसाच चालू ॲम्प्लिफायर, तसाच स्पीकर, फक्त फाइल निःशब्द. शांत गट बंद कपाटात आणि आवाजाचा गट टेबलावर, अशी मांडणी असेल तर आपण आवाजाची तुलना करतच नाही. कपाटाची आणि टेबलाची करतो.

आता आवाज कोणता वाजवायचा ते पाहू. संगीत माणसाच्या कानासाठी रचलेलं असतं. त्यात शेकडो गोष्टी एकाच वेळी बदलत असतात, त्यामुळे फरक दिसला तरी तो कशामुळे हे सांगता येत नाही. ड्रोसोफिलाच्या जगात एक आवाज मात्र खरोखर अर्थपूर्ण आहे, तो म्हणजे नराचं गाणं. नर मादीच्या मागे फिरताना एक पंख बाजूला पसरून थरथरवतो. त्यातून दोन प्रकारचे आवाज निघतात, एक सलग गुणगुण आणि दुसरी ठोक्यांची माळ. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातीत दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण 35 मिलिसेकंद असतं. तिच्या जवळच्या नात्यातल्या सिम्युलन्स या जातीत ते स्पष्टपणे जास्त असतं. हे अंतरच कळीचं आहे हे बेनेट-क्लार्क आणि एविंग यांनी 1969 मध्ये कृत्रिम गाणं वाजवून दाखवलं.

म्हणून आवाजांचे गट असे करा: 35 मिलिसेकंद अंतराचं गाणं; तेच ठोके, तितकेच, पण अंतर 100 मिलिसेकंद; त्याच पट्ट्यातला आणि त्याच पातळीचा नुसता खरखराट; आणि निःशब्द फाइल. पहिल्या दोघांत फरक दिसला तर तो ‘आवाज आहे की नाही’ याचा नसून गाण्याच्या मांडणीचा आहे हे कळतं. प्रत्येक प्रकारच्या एकेकच नव्हे, चार-पाच वेगवेगळ्या फाइली बनवा, शक्यतो वेगवेगळ्या नरांच्या रेकॉर्डिंगवरून. एकच फाइल सगळीकडे वाजवली तर निष्कर्ष त्या एका फाइलपुरताच राहतो.

याच गाण्याच्या बाबतीत एक किस्सा सांगण्यासारखा आहे. ठोक्यांमधलं अंतर साधारण मिनिटाच्या लयीत कमीजास्त होतं, असं किरियाकू आणि जेफ्री हॉल यांनी 1980 मध्ये मांडलं. हॉल यांना पुढे 2017 मध्ये जैविक घड्याळावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पण 2014 मध्ये डेव्हिड स्टर्न यांनी ही लय विश्लेषणाच्या पद्धतीतून निपजलेली आहे असं दाखवून दिलं, आणि त्यावर पुढे प्रतिवादही झाला. आपल्यापुरता त्यातून घ्यायचा धडा व्यवहारी आहे. मूळ रेकॉर्डिंग कधीही पुसू नका. ठोके कोणत्या नियमाने ओळखले, कोणते वगळले, हे लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाला तीच फाइल पुन्हा तपासता आली पाहिजे.

यानंतर मी जे सुचवणार आहे ते या उत्तरातलं सर्वांत महत्त्वाचं आहे. नवा प्रश्न विचारण्याआधी जुना, ठाऊक असलेला परिणाम आपल्या मांडणीत दिसतो का ते बघा. त्यासाठी पंख कापलेले नर वापरतात. असा नर मादीच्या मागे फिरतो, तिला चाटतो, चढायचा प्रयत्न करतो, सगळं करतो, फक्त गाऊ शकत नाही. त्यामुळे मीलनाला उशीर होतो आणि बऱ्याच जोड्या जुळतच नाहीत. अशा मुक्या नरांच्या जोडीला स्पीकरवरून योग्य गाणं वाजवलं की मीलनाचं प्रमाण वाढतं. हा परिणाम वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. तुमच्या नळीत, तुमच्या स्पीकरने तो दिसला तर आवाज माशीपर्यंत पोहोचतोय याचा माशीनेच दिलेला पुरावा तुमच्या हातात आला. तो दिसला नाही तर पुढे जाऊ नका. पातळी, नळी, जाळी, स्पीकर पुन्हा तपासा. डेसिबल मीटरपेक्षा मी या चाचणीवर जास्त विश्वास ठेवते.

ती करायची कशी, ते जरा बारकाईने सांगते, कारण चुका इथल्या किरकोळ वाटणाऱ्या पायऱ्यांत होतात. 25 अंशांना वाढवलेल्या बाटलीतल्या सगळ्या माशा सकाळी काढून टाका आणि पुढच्या आठ तासांच्या आत बाहेर आलेल्या नवीन माशा गोळा करा. एवढ्या वेळात माद्या मीलनाला तयार झालेल्या नसतात, त्यामुळे त्या कुमारी असल्याची खात्री असते. नव्या माशा फिकट असतात आणि त्यांच्या पोटातून एक गडद ठिपका दिसतो, ती खूण लक्षात ठेवा. नर-माद्या वेगळ्या ठेवून चार-पाच दिवसांच्या होऊ द्या. नरांचे पंख कार्बन डायऑक्साइडखाली बारीक कात्रीने कापायचे, पण प्रयोगाच्या निदान एक-दोन दिवस आधी, कारण त्या वायूचा मीलनवर्तनावर काही काळ परिणाम राहतो. पंख न कापलेल्या नरांनाही तेवढाच वेळ तोच वायू द्या. प्रयोगाच्या दिवशी माशा हलवायला वायू अजिबात वापरू नका, तोंडाने ओढायच्या नळीचा ॲस्पिरेटर वापरा. वेळ सकाळची, इन्क्युबेटरमधले दिवे लागल्यानंतरचे पहिले दोन तास. तेव्हा माशा सर्वांत उत्साही असतात.

प्रत्येक नळीत एक जोडी ठेवा. आवाज सुरू करा, घड्याळ सुरू करा, आणि नर चढून स्थिर होईपर्यंत किती वेळ लागला ते लिहा. एका तासात न जुळलेल्या जोड्या वगळायच्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर ‘60 मिनिटं’ असंही लिहायचं नाही. ‘60 मिनिटांपर्यंत जुळली नाही’ अशीच नोंद हवी. रुग्णांच्या आयुर्मानाच्या अभ्यासात वापरतात त्या कॅप्लान-मायर आणि कॉक्स या पद्धती अशा नोंदींसाठीच आहेत. मीलन साधारण वीस मिनिटं चालतं, ते किती वेळ चाललं तेही टिपा.

आता अंडी. ‘प्रजननावर परिणाम’ हे एकच मोजमाप नाही, ती साखळी आहे: ओळख, गाणं, मीलनाला लागलेला वेळ, मीलनाचा कालावधी, शुक्राणू आणि त्याबरोबर जाणारी प्रथिनं, घातलेली अंडी, उबलेली अंडी, जगलेल्या अळ्या, कोष, शेवटी माशी. तुमच्या मूळ योजनेत शेवटची कडीच मोजली जाते, आणि तीच सर्वांत फसवी आहे. बाटलीत अंडी कमी पडली तर अळ्यांची गर्दी कमी होते, प्रत्येकीला जास्त खायला मिळतं, आणि जगण्याचं प्रमाण वाढतं. शेवटी माशा तेवढ्याच निघू शकतात. म्हणजे खरा परिणाम झाला आणि मोजणीत पुसला गेला. शिवाय दोन आठवडे आवाज चालू असेल तर तो अंड्यावर, अळीवर, कोषावर आणि माशीवर असा वेगवेगळ्या अवस्थांवर पडतो. अळीला मिशीतलं ते इंद्रिय नसतं, तरी शरीरातल्या ताण टिपणाऱ्या चेतापेशींमुळे ती 500 हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाला दचकते, हे 2013 मध्ये दाखवलं गेलं आहे. कोणत्या अवस्थेत काय झालं हे एका आकड्यातून वेगळं कसं करणार?

म्हणून आवाज फक्त मीलनाच्या तासाला द्या, आणि नंतर प्रत्येक मादी एकटी, ताज्या खाद्यावर, शांत इन्क्युबेटरमध्ये ठेवा. जाळीच्या नळीत खाद्य लवकर सुकतं आणि सुकलेल्या खाद्यावर माद्या अंडी घालायला नाखूश असतात. मीलनाची नळी आणि अंड्यांची बाटली वेगळी ठेवण्याचं हेही एक कारण आहे. रोज त्याच वेळी मादीला नव्या खाद्यावर हलवा, निदान पाच-सहा दिवस. अंडी अर्धा मिलिमीटर लांबीची, पांढरी, आणि पुढच्या टोकाला दोन बारीक शेपट्यांसारखे धागे असलेली. फिकट खाद्यावर ती दिसता दिसत नाहीत. अगारमध्ये द्राक्षाचा रस किंवा थोडी कोळशाची पूड घातली की काळसर पार्श्वभूमीवर ती ठळक उठून दिसतात. मादी चिरेत किंवा ओरखड्यात अंडी खोचते, तेव्हा बशी तिरपी करून कडेनेही बघा. दुसऱ्या दिवशी तीच बशी पुन्हा पाहिली की रिकामी चुरगळलेली टरफलं आणि न उबलेली अंडी वेगळी ओळखता येतात. न उबलेल्यांपैकी तपकिरी पडलेली अंडी साधारणपणे फलित होऊन आत मेलेली असतात, आणि पांढरीच राहिलेली बहुधा अफलित. हा भेद लिहून ठेवला तर परिणाम शुक्राणूंच्या बाजूचा की भ्रूणाच्या बाजूचा याचा सुगावा लागतो. मोजणाऱ्याला कोणती बशी कोणत्या गटातली हे माहीत नसावं. बशांवर आकडे घालणारी व्यक्ती वेगळी आणि मोजणारी वेगळी, एवढं पुरतं.

केवळ आवाजाने अंड्यांवर मोठा परिणाम दिसेलच असं धरून चालू नका. ब्रेटमन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की आसपास प्रतिस्पर्धी आहे हे नर आवाज, वास आणि स्पर्श यांवरून ओळखतो, आणि या तिन्हींपैकी कुठल्याही दोन खुणा मिळाल्या की मीलन लांबवतो. एकच खूण असेल तर नाही. म्हणजे ‘नुसता आवाज दिला, काही झालं नाही’ हे उत्तर अगदी खरं असू शकतं, पण त्याचा अर्थ ‘आवाज बिनमहत्त्वाचा’ असा होत नाही. आवाज आणि वास एकत्र देणारा एक गट असेल तरच हे कळेल.

बहिऱ्या माशांचा गट मी नेहमी ठेवते. मादीचा अरिस्टा दोन्ही बाजूंनी कापला की तिची ऐकण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात जाते, पण वास घेणारा मिशीचा तिसरा भाग शाबूत राहतो. अख्खी मिशीच काढली तर वासही जातो, मग काहीच सिद्ध होत नाही. नानचुंगसारख्या जनुकात बिघाड असलेल्या बहिऱ्या माशाही मिळतात. मात्र जॉन्स्टनचं इंद्रिय गुरुत्वाकर्षण आणि वाराही टिपतं, त्यामुळे अशा माशांची चालच वेगळी असू शकते. सुरुवातीला अरिस्टा कापणं जास्त स्वच्छ.

संख्येबद्दल. एका स्पीकरसमोर वीस नळ्या ठेवल्या म्हणजे वीस स्वतंत्र नोंदी झाल्या असं नाही. त्या वीसही एकाच स्पीकरच्या, एकाच कोपऱ्याच्या, एकाच सकाळच्या आहेत. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीवर लिहिलं आणि ती आजही सर्रास होते. आवाज वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या स्पीकरवर, चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने लावा, आणि विश्लेषणात दिवस व स्पीकर यांना स्थान द्या. किती नोंदी हव्यात याचा ठोकळ हिशेब असा: अंड्यांच्या संख्येतला नेहमीचा पसारा (प्रमाण विचलन) सरासरीच्या 40 टक्के असेल आणि तुम्हाला 20 टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, तर 16 गुणिले (40 भागिले 20) चा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटात सुमारे 64 स्वतंत्र माद्या. तीन बाटल्यांपासून हे अंतर बरंच आहे. अंड्यांच्या आकड्यांना साधी टी-चाचणी लावू नका. त्यात शून्यं बरीच असतात आणि पसारा मोठा असतो, अशा आकड्यांसाठीचं निगेटिव्ह बायनॉमियल हे संख्याशास्त्रीय प्रतिमान जास्त योग्य बसतं.

ड्रोसोफिलाच घ्यायला हवी असंही नाही. कानाच्या दृष्टीने रातकिडा फार सोयीचा आहे. त्याचे कान पुढच्या पायांत असतात, पडद्याचे असतात, आणि गाणं 5 किलोहर्ट्झच्या आसपास, कित्येक मीटर पोहोचणारं. योहान रेगेन यांनी 1913 मध्ये टेलिफोनमधून नराचा आवाज ऐकवला तेव्हा मादी रिसीव्हरकडे चालत गेली. ना वास, ना दर्शन, फक्त आवाज. इतका निखळ प्रयोग क्वचितच सापडतो. टेलिओग्रायलस ओशियानिकस या रातकिड्यात तर वाढीच्या काळात इतर नरांचं गाणं ऐकलेल्या नरांच्या प्रजनन-ऊतींचं वजन शांततेत वाढलेल्यांपेक्षा जास्त भरलं, असं बेली, ग्रे आणि झुक यांनी 2010 मध्ये नोंदवलं. तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं काम हेच. अडचण एवढीच की पिढी पूर्ण व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि रातकिड्याच्या गाण्याचा वेग तापमानाबरोबर बदलतो.

डासांत मादीच्या पंखांचा आवाज नराला खेचतो. रॉथ यांनी 1948 मध्ये ट्यूनिंग फोर्क वाजवून एडिस इजिप्ती नरांना आकर्षित करून दाखवलं, आणि 2009 मध्ये असं दिसलं की जोडीतले नर-मादी उडताना आपापल्या पंखांचे सूर जुळवून घेतात, तेही मूळ सुरांच्या पटीतल्या, 1200 हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या सुरात. 2019 मध्ये एका गटाने एडिस इजिप्तीला इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकवलं तेव्हा चावणं आणि मीलन दोन्ही घटलं. बातम्यांत ते खूप गाजलं. मला त्यात संगीतापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की मोठा, सतत बदलणारा आवाज डासांच्या स्वतःच्या सूर जुळवण्यात अडथळा आणू शकतो. तसं असेल तर त्याच पट्ट्यातला साधा खरखराटही तेच करील, आणि ते तपासणं सोपं आहे.

पतंगांसाठी सगळी साधनं बदलावी लागतात. त्यांचे कान वटवाघळांच्या अश्राव्य आवाजासाठी घडलेले आहेत. 44.1 किलोहर्ट्झने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये 22 किलोहर्ट्झच्या वरचं काहीच नसतं, म्हणजे पतंगाच्या दृष्टीने महत्त्वाचा भागच गायब. साठवणीतल्या धान्यावरच्या प्लोडिया इंटरपंक्टेला या पतंगात अश्राव्य आवाजाने मीलनात दिल्या जाणाऱ्या शुक्रकोशांची आणि अळ्यांची संख्या घटल्याची नोंद 2003 मधली आहे. मात्र यावरून बाजारातल्या ‘कीटक पळवणाऱ्या’ यंत्रांवर उडी मारू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये अशा 60 हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याविना दावे करण्याबद्दल इशारे दिले होते.

आणि तुडतुडे, ढेकण्या यांसारखे कीटक हवेतून नाही, देठातून आणि पानातून बोलतात. त्यांच्यासाठी स्पीकर निरुपयोगी, थरथर देणारं यंत्रच हवं. उत्तर इटलीत द्राक्षवेलींच्या तारांना अशी यंत्रं लावून स्कॅफॉइडियस टायटॅनस या तुडतुड्याचं मीलन रोखण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. शेतात प्रजनन आटोक्यात ठेवण्यासाठी कंपनाचा वापर याहून पुढे गेलेला मला दुसरीकडे दिसत नाही.

शेवटी निकालाचं वाचन. समजा खरखराटाच्या गटात अंडी कमी पडली. आता बहिऱ्या माद्यांकडे बघा. त्यांच्यातही तेवढीच कमी पडली असतील, तर कारण बहुधा आवाज नाही. कंपन, उष्णता किंवा वारा शोधा, आणि पिझो चकती व लॉगरच्या नोंदी उघडा. ऐकणाऱ्या माद्यांत घट आहे आणि बहिऱ्यांत नाही, तर परिणाम कानातून गेला. मग मीलनाच्या वेळा पाहा. मीलनच उशिरा झालं किंवा झालंच नाही, तर खरखराटाने नराचं गाणं झाकलं गेलं असावं, आणि फक्त मीलन झालेल्या माद्यांची अंडी मोजली तर फरक नाहीसा व्हायला हवा. तरीही फरक उरला, मीलन वेळेवर होऊनही अंडी कमी, तर मादीच्या शरीरात काहीतरी बदललं आहे. तिथून पुढचा प्रयोग म्हणजे आवाज मीलनाआधी, मीलनावेळी आणि मीलनानंतर असा तीन वेगळ्या गटांना देणं. आणि पंख कापलेल्या नरांच्या चाचणीत गाण्याचा परिणाम स्पष्ट दिसला होता, पण अंड्यांत कुठल्याच गटात फरक नाही, तर तेही निःसंकोच लिहा, आवाजाची पातळी, कणांचा वेग, नळीची मापं आणि माद्यांची संख्या यांसह. माशीला ऐकू येत होतं हे ज्यात आधी सिद्ध केलं आहे अशा ‘परिणाम नाही’ या निकालाला खरी किंमत आहे.